पुराचा निरोप

डोमाभाऊ आमच्या शाळेत पहिल्यांदा आले ते स्पिरिट मागायला. मी नववीच्या प्रयोगाची मांडामांड करत होते आणि दारात एक माणूस उभा. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला ओला दुपट्टा. म्हणाला, "मॅडम, तुमच्यापाशी स्पिरिट रायते म्हनते. थोडकसं द्या जी."

प्रयोगशाळेतलं स्पिरिट कोण कशाला मागतं हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? लेकरांची शाळा आहे ही. निघा."

तो माणूस निघाला नाही, रागावलाही नाही. त्यानं खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता. औषधाची छोटी बाटली होती आणि तिच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे पाचसहा पांढुरके दाणे. "हे सुकून रायले, म्हनून पायजे." काय आहे ते, असं मी विचारलं. त्यानं फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर मी माणसाच्या डोक्याची आकृती काढली होती, मेंदूखाली बाण दाखवून ‘पीयूषिका ग्रंथी’ लिहिलं होतं. तो आत आला, चिखलाचं बोट बरोब्बर त्या बाणाच्या टोकाशी टेकवलं आणि म्हणाला, "हे. तुमी मानसाची काहाडली, मी मासोळीची."

कपाळ माझं! बारा वर्षं मी ती ग्रंथी शिकवत होते, परीक्षेत तिच्यावर दोन मार्कांचा प्रश्न काढत होते, आणि डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. स्पिरिट तर दिलंच, वर चहाही पाजला. फळ्यावरचा तो चिखलाचा ठिपका आठवडाभर कोणाला पुसू दिला नाही.

गाव एकोडीच्या पलीकडचं. चहूकडं धान, आणि गावाला लागून मोठा तलाव. तलावातली मासेमारी गावातल्या ढिवरांच्या सोसायटीची, आणि डोमाभाऊ त्या सोसायटीचे बीजवाले, बीज म्हणजे मासोळ्यांची पिल्लं. रोहू, कतला या मूळच्या नदीच्या मासोळ्या. तलावात सोडल्या तर वाढतात, आषाढात मादीचं पोट अंड्यांनी टम्म फुगतं, पण वाहत्या पुराचं पाणी अंगाला लागल्याशिवाय ती अंडी सोडत नाही. तलावात पूर कुठून यायचा? अंडी पोटातल्या पोटात जिरून जातात. म्हणून दुसऱ्या मासोळीच्या डोक्यातली ती गाठ काढायची, घोटायची आणि तिचं पाणी सुईनं मादीला टोचायचं. आजूबाजूची गावं बीज बाहेरून आणत. आमच्या गावात ते डोमाभाऊ तयार करत, सरकारी केंद्रातल्या आठ दिवसांच्या शिक्षणावर आणि सातवी पास डोक्यावर.

पुढं तयार इंजेक्शनं मिळू लागली. पण त्याआधीची कितीतरी वर्षं हा माणूस बाजाराच्या दिवशी एकोडीला मासोळ्या विकणाऱ्या बायांच्या रांगेत जाऊन बसायचा आणि मुंडकी मागायचा. सुरीनं कवटीचं झाकण उघडायचं, मेंदू बाजूला सारायचा, चिमट्यानं गाठ उचलायची आणि मुंडकं मालकिणीला परत. बायांना वाटलं, हा काही करणी करतो. एकीनं तर त्यांच्यावर पाणी फेकलं. डोमाभाऊ तिला म्हणाले, "फेक व माय. पन मुंडकं दे." दुसऱ्या बाजारापासून तीच बाई त्यांच्यासाठी चांगली मोठी मुंडकी वेगळी ठेवू लागली.

त्यांचं काम पाहायला मी दर आषाढात जायची. तलावाच्या काठाशी चार बांबू रोवून त्यांना बारीक कापडाची पेटी बांधलेली असायची. तिला हापा म्हणतात. डोमाभाऊ कंबरभर पाण्यात. मी त्यांना शाळेतला एक जुना पांढरा एप्रन दिला होता, आम्लानं भोक पडलेला. तो ते फक्त सुई देताना घालत, आणि तो एप्रन त्यांच्याभोवती पाण्यावर पसरून तरंगायचा. आम्ही किती हसायचो! त्यांना त्याचं काही नाही. "डॉक्टर कपडे घालूनच सुई देते ना?" मादीला ते छातीशी धरायचे, एक हात गळ्याखाली, एक हात शेपटाजवळ, आणि ती फडफडली की म्हणायचे, "घाई नोको करू माय. झालं, झालं." चारपाच किलोची मासोळी त्यांच्या हातात गप्प व्हायची. दुसऱ्या दिवशी हाप्यात साबुदाण्यासारखी अंडी आणि मग केसाएवढी वळवळ. त्याला जिरे म्हणतात. ते जिरे डोमाभाऊ चहाच्या गाळणीनं मोजायचे. एका गाळणीत किती, हे त्यांना विचारलं की म्हणायचे, "भरपूर."

डोमाभाऊ आणि पार्बताबाई यांना मूलबाळ नव्हतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे म्हणून कोणी बोलत नव्हतं असंही नाही. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास म्हणायचं, "तुले काय डोमा, मागं ना पुढं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मले? गावात सगळ्यात जास्त पोट्टे माहे हायेत. जा, तलावात जाऊन मोज." पंगत हसायची, विषय संपायचा, आणि पार्बताबाई पदर खोचून उगाच वाढायला उठायच्या. वर्षं गेली तशी ती गोष्ट वाढत गेली. "देव नदीत जीव बनवते, मी हाप्यात बनवतो." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. मला आवडायचं. विज्ञानाची बाई म्हणून मी ते दुरुस्त करायला हवं होतं, पण नाही केलं.

या गावची एक रीत आहे, दुसरीकडं मी पाहिली नाही. होळीच्या आधी तलावात पहिलं जाळं ओढतात. त्यातला पहिला मोठा रोहू गावात ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरी जातो. घर कोणत्याही जातीचं असो. मासोळीच्या रश्श्यानं दूध उतरतं म्हणतात. बाळंतीण नसेल तर तो रोहू परत पाण्यात. मासोळी न्यायचं काम डोमाभाऊंचं. पळसाच्या पानांत गुंडाळून ते घेऊन जात. घरची बाई त्यांच्या हातावर पाणी घाली, ते ओसरीवर बसत आणि मग बाळ त्यांच्या मांडीवर दिलं जाई. घटकाभर. त्या दिवशी ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून निघायचे. पार्बताबाई म्हणायच्या, "पाहा जी मॅडम, नवरदेव निंगाला." हसून म्हणायच्या, पण ते बाळंतिणीच्या घराकडं वळून दिसेनासे होईपर्यंत दारात उभ्या राहायच्या.

आता माझी चूक सांगते.

गेल्या सालच्या विज्ञान दिनाला मी डोमाभाऊंना शाळेत बोलावलं. पोरांसमोर ते एप्रन घालून उभे राहिले, सुई दाखवली, गाठीची गोष्ट सांगितली आणि शेवटी छाती काढून म्हणाले, "पोट्टेहो, या गावातला जीव मी बनवतो. देव नदीत, मी हाप्यात!" टाळ्या. मी मोबाइलवर सगळं घेतलं आणि कौतुकानं शाळेच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते गावाच्या ग्रुपवर गेलं.

आठच दिवसांनी बातमी आली. मोबाइलवर आली, पेपरात आली, पानठेल्यावर तर छापून आल्यासारखी चिकटलीच. शास्त्रज्ञांनी म्हणे प्रयोगशाळेत जीव तयार केला. खरी गोष्ट एवढी, की एका सूक्ष्म जंतूच्या जडणघडणीची अख्खी सूत्रं त्यांनी रसायनं जोडून बनवली, ती दुसऱ्या जंतूत घातली आणि तो जंतू त्या नव्या सूत्रांप्रमाणे जगू लागला, वाढू लागला. काम फार मोठं. मी वर्गात दोन तास त्यावर बोलले. पण गावानं आपापल्या परीनं घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, अभ्यासक्रमात आलं की पाहू. सप्ताहाला आलेले महाराज म्हणाले, घोर कलियुग. एक शेतकरी मला रस्त्यात अडवून म्हणाला, "मॅडम, त्यायले म्हना, धानावरचा तुडतुडा खानारा जीव बनवा. बाकी कायी बनवा नोको." हा मला सगळ्यांत शहाणा वाटला.

आणि पानठेलेवाल्या गुलाबनं जोड लावली. त्यानं ती बातमी आणि माझी ती क्लिप एकाखाली एक ठेवून पुढं पाठवली. खाली लिहिलं, ‘आपल्या गावात आधीपासूनच चालू आहे.’ गंमत म्हणून हो! गुलाबच्या मनात कपट नव्हतं, जिभेला हाड नव्हतं इतकंच. दोन दिवसांत गावभर झालं, की तलावातल्या मासोळ्या खऱ्या नाहीत. औषधाच्या आहेत. डोमा त्या सुईनं बनवतो, तो स्वतःच म्हणाला, हे पाहा. खाल्ल्या तर पोटात काय होईल कोणी सांगावं? तीस वर्षं हीच मासोळी हादडणारी माणसं हे बोलत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरोघर जाऊन सांगितलं. लोक म्हणायचे, हो मॅडम, बरोबर आहे मॅडम, आणि मासोळी घ्यायचे नाहीत.

त्यातच होळी जवळ आली. पहिलं जाळं पडलं. त्या साली गावात बाळंतीण एकच, सरस्वताबाईची सून. सरस्वताबाईचं घर बसथांब्यासमोर, चांगलं शेतीवाडीचं, आणि बाई करारी. नातू वीस दिवसांचा. डोमाभाऊ दाढी करून, पळसाच्या पानांत रोहू घेऊन गेले. मी शाळेतून येत होते, माझ्यासमोर घडलं. सरस्वताबाई दारात आली, हातात पाण्याचा तांब्या नव्हता. म्हणाली, "डोमाभाऊ, राग नोको धरू. लेकरू अंगावर पिऊन रायलं. मी नाई घेत."

डोमाभाऊ म्हणाले, "तुह्या पोराच्या टायमाले बी मीच आनली होती, सरस्वता."

"तवा मले मालूम नव्हतं."

घरातून बाळ रडल्याचा आवाज आला. डोमाभाऊंनी मान जरा वाकवून आत पाहिलं, मग वळले आणि तडक तलावावर जाऊन तो मेलेला रोहू पाण्यात सोडून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, क्लिप माझी होती.

सोसायटीची माणसं हादरली. मासोळी पडून राहू लागली तर पोटाचं काय? त्यांनी ठरवलं, बीज बाहेरून आणलेलं आहे, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगून टाकू. एवढं खोटं बोललं की सगळं मिटतं. आणि पुढच्या सालापासून खरंच बाहेरून आणू. डोमाभाऊंनी फक्त एवढंच म्हणायचं, की होय, हापा मी बंद केला.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडं आले. ओसरीवर बसले. चहाच्या कपाकडं पाहत म्हणाले, "मॅडम, त्या शास्त्रज्ञायनं ते बनवलं कायच्यात टाकलं?"

"दुसऱ्या एका जंतूत."

"तो जंतू कोनं बनवला?"

"तो होताच आधीपासून. जिवंत."

"म्हंजे हापा तं जुनाच." त्यांना हसू आलं. "मंग ते बी माह्यासारकेच फुशारकी मारून रायले."

मी म्हटलं, "नाही हो डोमाभाऊ, त्यांनी सूत्रं अख्खी नवी जोडली. लहान काम नाही ते. आणि फुशारकी पेपरवाल्यांची, त्यांची नाही."

"ल्हान मी कुठं म्हनतो? मादीच्या पोटात अंडे रायतेच. तिले ठाऊक नाई का पूर आला. मी सुई देतो म्हंजे तिले सांगतो, माय, पूर आला. मी निरोप देतो. त्यायचा निरोप लय मोठा असन. पन निरोप देनाऱ्यानं बाप म्हनून मिरवू नये. नाई का?"

मी म्हटलं, मग हेच गावाला सांगा. ते म्हणाले, "सांगतो ना. पन मंग माह्यापाशी काय रायते?" आणि कप खाली ठेवून उठून गेले.

खोटं बोलायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. आषाढापर्यंत थांबा म्हणाले. सोसायटी कुरकुरत थांबली. तोवरचे चार महिने ती माणसं साकोलीच्या बाजारात जाऊन मासोळी विकत होती, गावात कोणी घेत नव्हतं.

आषाढात एका दुपारी भोंग्यावरून पुकारलं, की डोमाभाऊ सुई देणार आहेत, ज्याला पाहायचं त्यानं तलावावर यावं. फुकटचा तमाशा, सगळं गाव आलं. बाया एका बाजूला, त्यांत पार्बताबाई. सरस्वताबाईसुद्धा आली होती, मागं, झाडाखाली. डोमाभाऊ पाण्यात उतरले. एप्रन नव्हता. मी हळूच विचारलं तर म्हणाले, "आज नोको."

त्यांनी मादी उचलली, तिचं पोट सगळ्यांना दाखवलं, हात फिरवून म्हणाले, "पाहा. अंडे हिच्याच पोटात हायेत. मी टाकले का?" मग सुई दिली. मग नराला. मग दोघांना हाप्यात सोडलं. पूर, निरोप, सगळं सांगितलं, अगदी मला ओसरीवर सांगितलं होतं तसं.

गुलाब काठावरून म्हणाला, "पन डोमाभाऊ, जीव मी बनवतो, असं तं तूच म्हनला होता."

आता हसतील, मला वाटलं. कोणी हसलं नाही. डोमाभाऊ पाण्यात उभे, दोन्ही हात हाप्याच्या काठावर. म्हणाले, "म्हनलो होतो. खोटं म्हनलो होतो. तीस साल झाले, मी एक बी जीव बनवला नाई. माह्यानं एक बी झाला नाई. ज्यायचे त्यायनंच बनवले. मी निस्ता इथं उभा होतो."

सगळ्या गावाला कळलं ते कशाबद्दल बोलले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, लपवलंही नाही मी. लोक खाली पाहत होते. तेवढ्यात बायांतून पार्बताबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, रागावल्यासारखा. "झालं ना सांगून? मंग ये भाईर. थंडी वाजन." आणि त्या पुढं होऊन, लुगडं भिजवत पाण्यात उतरल्या, आणि इतक्या लोकांसमोर नवऱ्याला हात धरून काठावर घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी हाप्यात अंडी दिसली, आणि पुढं जिरे. लोक येऊन वाकून पाहून गेले. हळूहळू मासोळी पुन्हा गावात खपू लागली. पहिली घेतली गुलाबनं, तीही पानठेल्यावर सगळ्यांना दिसेल अशी टांगून. हापा बंद झाला नाही. फक्त ते वाक्य मी परत ऐकलं नाही. दिवाळीनंतर एका लग्नात कोणीतरी म्हणालं, "तुले काय डोमा, मागं ना पुढं." डोमाभाऊ म्हणाले, "हो ना," आणि जेवत राहिले. पार्बताबाई त्या दिवशी वाढायला उठल्या नाहीत.

या फेब्रुवारीअखेर मी निवृत्त झाले. सामान आवरून, टेम्पो पुढं पाठवून, कारध्याला माझ्या घरी जायला मी थांब्यावर एसटीची वाट पाहत उभी होते. समोर सरस्वताबाईचं घर. आणि रस्त्यानं डोमाभाऊ आले. दाढी केलेली, हातात पळसाची पानं. सकाळी पहिलं जाळं पडलं होतं. मला पाहून म्हणाले, "निंगाल्या का मॅडम?" मी म्हटलं, "हो. कोणाकडं चाललात? या साली गावात बाळंतीण आहे का?"

"नाई जी. मी तं परत पान्यात सोडत होतो. सरस्वतानं निरोप पाठवला."

सरस्वताबाई दारात उभीच होती. या खेपेला हातात तांब्या होता. म्हणाली, "सून काई आता बाळंतीन नाई. पन मागच्या सालची आमची रायली ना." एवढंच. माफी वगैरे मागितली नाही, तिचा स्वभावच नाही तो. तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. डोमाभाऊंनी हात धोतराला पुसले, एकदा पुसले, परत पुसले, आणि ओसरीवर बसले. सून बाळ घेऊन आली. आता चांगलं वर्षाचं, दांडगं, अंगानं भरलेलं. मांडीवर ठेवताच त्यानं भोकाड पसरलं आणि हातपाय झाडायला लागलं.

डोमाभाऊंनी त्याला उचलून छातीशी धरलं, एक हात गळ्याखाली, एक हात पायांशी. "घाई नोको करू बाप्पा," म्हणाले. "झालं, झालं."

बाळ गप्प झालं. माझी एसटी आली, कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीशी बसून मागं वळून पाहत राहिले. रीत घटकाभराची. गाडी तलावाच्या वळणावर पोचेपर्यंत ओसरी दिसत होती, आणि तोवर त्यांनी बाळ परत दिलं नव्हतं.